बाबांचा पाय कसा घसरला, याचा खुलासा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे सवयीने लिहिलं. सध्या माझी आठही अंगं हजर नाहीत. उजवा गुडघा आणि डावं कोपर रजेवर आहेत, त्याचं कारण पुढे ओघात येईलच. तूर्त षडांग नमस्कार मानून घे, उरलेला गुडघा वाकायला लागला की पाठवतो.) भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. त्यांच्या कंबरेचा पट्टा सुटला का, की अजून पट्टा लावूनच बागेला पाणी घालतात? तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? ते माझ्या पत्रांनी वाढतं असं तुझं म्हणणं आहे, म्हणून हे पत्र सकाळची गोळी घेतल्यावर, पाठीला उशी लावून, भाऊजींना जवळ बसवून वाच. इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम या शब्दाखाली मी मुद्दाम दोन रेघा मारल्या आहेत, कारण तुझ्यापर्यंत वेगळीच बातमी पोचलेली दिसते.

परवा फोनवर तू म्हणालीस की मी सख्ख्या म्हाताऱ्या बापाला, फोटोच्या हौसेपायी, अंधार करून पोहण्याच्या तलावात ढकललं. वाक्य लांबलचक होतं आणि तू ते मध्ये श्वास न घेता म्हणालीस, त्यावरून तुझी छाती ठणठणीत आहे हे कळून बरं वाटलं. त्यावर मी "अगं पण" एवढं म्हणू शकलो. मग नुसतं "अगं". मग तू सांगितलंस की येत्या रविवारी येतेस आणि बाबांना कायमचं तुझ्याकडे घेऊन जातेस, त्यांची खोली तयार आहे, खिडकीला जाळी बसली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा लावला आहे, आणि मला काय तारे तोडायचे असतील ते लेखी तोड. तर हा लेखी खुलासा. बाबांनी इथे राहायचं की नाही हे तू याच्यावर ठरवणार, म्हणून एकही गोष्ट गाळत नाही. मुद्दा एकच आहे आणि त्याच्यावर मी शेवटच्या ओळीपर्यंत ठाम राहणार आहे. बाबांना कोणी ढकललं नाही. बाबांचा पाय घसरला.

आधी तुला फोन कोणी केला ते बघू. आमच्या खालच्या मजल्यावर दवाखाना असलेले दातवाले डॉक्टर. माणूस सज्जन आहे, माझं काही म्हणणं नाही, माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली (त्यानंतर अक्कल कमी झाली असं तुझी भावजय म्हणते, पण तिचं तसं मत आधीपासून होतं). पण त्यांनी तुला एवढं सगळं रंगवून सांगितलं, तेव्हा फ्लॅश त्यांच्याच हातात होता हे सांगितलं का? आणि खिशात काय होतं ते? नाही ना सांगितलं? मग मीच सांगतो. पण क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की मी गोत्यात येतो.

तुला माहीतच आहे, माझं दुकान पासपोर्टच्या फोटोंवर चालतं. दिवसभर लोकांना त्या फिरत्या स्टुलावर बसवायचं आणि "मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका" एवढंच म्हणायचं. इतकी वर्षं हेच म्हणतोय. लोकांना न हसवण्यात माझा हात धरणारा आख्ख्या गावात दुसरा नाही. तर आमच्या फोटोग्राफर संघाचं दरवर्षी प्रदर्शन असतं, त्याला या वर्षी विषय दिला 'पाणी'. बैठकीत मीही नाव दिलं. त्यावर आमचे अध्यक्ष (लग्नाचे फोटो वरून उडत्या यंत्राने काढतात आणि स्वतःला कलावंत म्हणवतात) सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही पाण्याला काय सांगणार, हनुवटी खाली घे? सगळे हसले. मी हसलो नाही, मला सवय नाही. पण ताई, तिथल्या तिथे मनाशी गाठ मारली. पाणीच काढीन, तेही उडतं काढीन, काळ्याकुट्ट अंधारात काढीन, आणि त्यातला थेंबन् थेंब मोजता येईल असा काढीन. आपल्या घराण्यात हट्ट कोणाकडून आलाय हे तुला मी सांगायला नको, तू आरशात बघ.

आता अंधार कशाला, हा तुझा मुख्य आक्षेप. तो समजावून सांगणं भाग आहे. उजेडात उडतं पाणी काढलं की ते फोटोत पुसल्यासारखं येतं, कारण कॅमेऱ्याचा डोळा मिटेपर्यंत पाणी पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून आधी सगळे दिवे घालवायचे. मग कॅमेऱ्याचा डोळा उघडून ठेवायचा. तो उघडा असला तरी अंधारात त्याला काहीच दिसत नाही (आपल्या अध्यक्षांसारखं). मग पाणी उडवायचं, आणि ऐन वेळेला फ्लॅश मारायचा. फ्लॅश डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो, आणि तेवढ्यात जे दिसलं तेवढंच उमटतं, तिथल्या तिथे थिजलेलं. त्यातही फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तर पाणी चुना उधळल्यासारखं पांढरंफटक दिसतं. तो लांब, बाजूला आणि थोडा मागे धरला, तर प्रत्येक थेंब आतून पेटतो. थोडक्यात काय, कॅमेरा एकाकडे, फ्लॅश दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे, तिघंही अंधारात, आणि तिघांचं एकमत हवं. आपल्या घरात उजेडातसुद्धा तिघांचं एकमत झालेलं तू बघितलंयस का? लांबून फ्लॅश उडवायचा एक रिमोट मिळतो, तो माझ्याकडे होता. पहिल्याच संध्याकाळी तो बादलीत पडला, तळाशी जाऊन बराच वेळ आपोआप फ्लॅश उडवत राहिला आणि मग वारला. म्हणून फ्लॅश हाताने दाबायचा आणि कधी दाबायचा ते मी ओरडून सांगायचं, असं ठरलं.

पहिले प्रयोग आमच्या बाथरूममध्ये झाले. तांब्या घेऊन तुझी भावजय, उलट्या बादलीवर कॅमेरा घेऊन मी. फ्लॅश धरायला कोणी नव्हतं. तेवढ्यात दातवाले डॉक्टर वर आले, कारण आमचं पाणी त्यांच्या दवाखान्याच्या छतातून ठिबकायला लागलं होतं, तेही बरोबर रुग्णाच्या खुर्चीवर. ते तक्रार करायला तोंड उघडणार, एवढ्यात मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला फ्लॅश त्यांच्या हातात दिला. (तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यावं, निम्मी तक्रार विरते, हे बाबांचंच तत्त्व.) आणि खरं सांगतो, त्यांच्यासारखा फ्लॅश धरणारा मिळायचा नाही. जन्म गेला लोकांच्या जबड्यात उजेड धरण्यात, हात म्हणून हलत नाही.

पण घोटाळा झाला शब्दाचा. दिवा घालवला, कॅमेरा उघडला आणि मी ओरडलो, उडव! आता आपल्या भाषेत पाणीही उडवतात आणि फोटोवाले फ्लॅशही उडवतात. पहिल्या वेळी दोघांनाही वाटलं की दुसऱ्याला सांगितलंय, दोघंही सभ्य, दोघंही एकमेकांसाठी थांबले. दुसऱ्या वेळी दोघांनी एकदम उडवलं. तांब्यातून पाणी सुटायच्या आत फ्लॅश येऊन गेला, आणि फोटोत आली नुसती तुझी भावजय, तांब्या उगारलेली, दात आवळलेली. तो फोटो मी पुसून टाकला, कारण उद्या कोर्टात तो तिच्याविरुद्ध गेला असता. मग मी डोकं लढवलं. बायकोला मी 'उडव' म्हणणार आणि डॉक्टरांना 'उडवा', कारण ते परके आणि मानाचे. कागदावर योजना चोख होती. पण ताई, तू कधी बंद बाथरूममध्ये ओरडून बघितलंयस का? तिथे 'उडव'चासुद्धा 'उडवाऽऽ' होतो. भिंती मान देतात. दोघांनी पुन्हा एकदम उडवलं, आणि ही अंधारातून म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा मला अहो-जाहो केलंत, तेही दिवा घालवून.

त्या एका संध्याकाळी काय काय उडालं म्हणून सांगू. पाणी उडालं, मग फ्यूज उडाला, खालच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून ठेवलेल्या रुग्णाची गाळण उडाली, आमच्या भिंतीचा रंग उडाला आणि माझी भंबेरी उडाली. वेळेवर उडाला नाही तो फक्त फ्लॅश.

मग ठरलं की शब्द नको, आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन, आणि तीनला फ्लॅश. ही तिनाच्या हिशोबाने पाणी सोडायची, अगदी चोख. पण दातवाले दोनलाच फ्लॅश मारायचे. एकदा झालं, दोनदा झालं, मी म्हटलं डॉक्टर, आकडे येतात ना? तेव्हा त्यांनी मान खाली घालून कबूल केलं की हा त्यांच्या धंद्याचा दोष आहे. रुग्णाला सांगायचं, तीन म्हटलं की दात काढीन, आणि दोनलाच काढायचा. तीनपर्यंत थांबलं तर माणूस अंग आकसून घेतो. इतकी वर्षं दोनला हात चालवलाय, आता तीनपर्यंत थांबतच नाही. मी त्यांना चारला उडवायला सांगून बघितलं, तरी दोनलाच उडवला. (माझी अक्कलदाढही दोनलाच काढली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी तीनची वाट बघत किती वेळ तोंड उघडं ठेवून बसलो होतो.)

हे सगळं बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांना बाथरूम हवं होतं म्हणून खांद्यावर टॉवेल टाकून आले होते. डॉक्टरांचं ऐकून ते म्हणाले, दोन म्हणजे फार उशीर, मी एकलाच ढकलायचो. तुला त्यांची पोहायला शिकवायची ती पद्धत ठाऊक आहेच. नव्या पोराला काठावर उभं करायचं, तीन म्हटलं की उडी असं त्याला सांगायचं, आणि 'एक' म्हणता म्हणता मागून हात लावायचा. गावातले निम्मे लोक असेच पोहायला शिकले आणि अजूनही रस्त्यात मास्तर दिसले की पाठ भिंतीला लावून नमस्कार करतात. मग बाबांनी आमच्या तांब्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे पाणी नाही, हा शिडकावा झाला. पाणी बघायचं असेल तर तलावावर चला.

ताई, इथे जरा थांबतो, कारण तुला हे फोनवर ऐकायला वेळ नसतो. बाबा एवढं सलग बोलले त्याला बरेच महिने झाले होते. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिनाभर पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलं होतं, ते तू आजन्म केलंस. तू काळजीने केलंस हे मला माहीत आहे. मास्तरांची मुलगी असून पोहता न येणारी तू एकटी, तुला पाण्याची धास्ती वाटते, हेही कळतं. आणि बाबांनी मुकाट्याने ऐकलं, कारण ते या जगात फक्त तुझं ऐकतात. पण ते रोज संध्याकाळी तलावावर जातात, आणि काठाशी बाकावर बसतात, बूट घालून. जन्मभर त्या ओल्या फरशीवर अनवाणी चाललेला माणूस बूटमोजे घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला मला बघवत नाही. घरी आले की जेवतात आणि झोपतात. आई गेल्यावरसुद्धा इतके गप्प नव्हते. म्हणून ते चला म्हणाले तेव्हा मी चला म्हटलं. त्यात माझा फोटोचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणत नाही, होता, भरपूर होता.

तलावाचा रखवालदार म्हणजे क्लोरीन. (त्याचं खरं नाव त्यालाही आठवत नसेल. तो यायच्या आधी त्याचा वास येतो.) तोही बाबांच्या हाताखालचाच, एकला ढकललेला. शेवटची बॅच गेल्यावर दिवे घालवून द्यायला तो तयार झाला, पण अट घातली की कोणी पाण्यात उतरायचं नाही, तसा फलक आहे आणि फलकाखाली त्याची नोकरी आहे. म्हणजे पाण्यात काहीतरी टाकायचं. मी वाळूच्या दोन गोण्या नेल्या होत्या. एक टाकली तर 'डुबुक' म्हणाली आणि खाली गेली, थेंब म्हणून वर आला नाही. मग हिची जुनी उशी टाकली, ती तरंगत राहिली आणि अजून वाळते आहे. मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दुकानातलं ते फिरतं स्टूल टाकू. ते डोक्यावर घेऊन अंधारात काठाकाठाने निघालो, आणि माझा पाय असा काही घसरला की स्टूल पाण्यात आणि मी फरशीवर. गुडघा आणि कोपर तिथे गेलं. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही, हा पुरावा आहे. त्या काठावर पाय घसरू शकतो, हे त्याच संध्याकाळी, साक्षीदारांसमोर, माझ्या स्वतःच्या गुडघ्याने सिद्ध झालेलं आहे. पुढे वाचताना हे ध्यानात ठेव.

मी फरशीवर बसलेला असताना बाबा बाकावरून उठले. म्हणाले, गोणी पडते. पडणं वेगळं आणि उडी वेगळी. पाणी वर यायला मुटका हवा. आणि मग ते दातवाल्यांना मुटका समजावून सांगायला लागले, कारण डॉक्टर तेवढे बिचारे ऐकत होते. गुडघे छातीशी, हात बाहेरून घट्ट, हनुवटी आत, आणि पाठ किंचित मागे. पाठ सरळ राहिली तर पाणी नुसतं बाजूला सांडतं, मागे झुकली तर उभं राहतं. हे सांगताना फरशी ओली होती म्हणून त्यांनी बूट काढले. हवेत उकाडा होता म्हणून शर्ट काढला. वेळ किती झाली ते बघ म्हणून घड्याळ क्लोरीनच्या हातात दिलं. चष्मा पुसायला म्हणून हिच्याकडे दिला. आणि वरची कवळी जरा सैल होतेय, बघा हो, असं म्हणून ती दातवाल्यांना दिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, आणि ताई, त्यांनी तुला फोन केला तेव्हाही ती त्यांच्या खिशातच होती. बापाचे दात खिशात ठेवून मुलीला फोन करणाऱ्या माणसाच्या साक्षीवर किती विसंबायचं ते तू ठरव.

यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र कारण होतं, हे मी वर दिलेलंच आहे. तू त्या सगळ्या एका ओळीत मांडून भलता अर्थ काढशील म्हणून आधीच सांगतो.

तर आता आपण मुख्य प्रसंगाशी आलो. मी लंगडत कॅमेऱ्यामागे गेलो. दातवाले बाजूला, तलावाच्या कोपऱ्यात, फ्लॅश उंच धरून. हिच्या हातात दुसरी गोणी, तीनला टाकायची. क्लोरीन दिव्याच्या बटणापाशी, बाबांचं घड्याळ धरून. बाबा काठावर, मुटक्याचा शेवटचा मुद्दा सांगत. दिवे गेले. असा अंधार, की माझा हात मला दिसेना. मी कॅमेऱ्याचा डोळा उघडला आणि म्हणालो, एक. काठावर ओल्या फरशीवर पाय वाजले. मी म्हणालो, दोन. फ्लॅश उडाला (अर्थातच). आणि कानठळ्या बसतील असा आवाज झाला. माझ्या अंगावर, कॅमेऱ्यावर, हिच्यावर, गोणीवर पाणी आलं. मी तीन म्हणालो, कारण सुरुवात केली की पुरं करायची माझी सवय, पण तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मग क्षणभर काही ऐकू येईना. ताई, तो क्षण मला नको पुन्हा. आणि मग अंधारात, पाण्यातून, बाबांचा आवाज आला.

"आला का रे?"

म्हणजे फोटो आला का. आता तू म्हणशील, पाय घसरून पडलेला माणूस आधी हे विचारतो का? धक्क्याने माणूस काहीही बोलतो. क्लोरीनने दिवे लावले तेव्हा ते पलीकडच्या काठाकडे पोहत निघाले होते. शिडी अलीकडे असताना ते पलीकडे का गेले, हाही दिशाभूल झाल्याचाच प्रकार असणार. पलीकडे हात लावून परत आले, शिडीने वर आले, टॉवेलात गुंडाळले गेले, आणि त्यांनी क्लोरीनला विचारलं की पाण्यात औषध इतकं का घालतोस. क्लोरीन रडत होता. नोकरीच्या भीतीने की कशाने, कळलं नाही, मास्तर मास्तर म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम आहेत, माझ्यापेक्षा उत्तम (डॉक्टरांनी मलाच नंबर वाढवून दिला). सर्दी झाली ती दातवाल्यांना. आणि बाबा त्या रात्री जेवताना दोनदा वाढून घेऊन सगळ्यांना पिढ्यानपिढ्यांचे मुटके सांगत होते, कोण कसा पडला, कोणाची चड्डी वर राहिली. ही हसून हसून उठून गेली. आमच्या घरात इतका आवाज बऱ्याच दिवसांनी झाला.

फोटो सोबत जोडला आहे. नीट बघ. काळ्याभोर अंधारात पाण्याच्या दोन भिंती उभ्या आहेत, काचेच्या असाव्यात तशा, आणि वरचे थेंब सुटे सुटे, मोजता येतील असे. मधे बाबा. कंबरेपर्यंत आत गेलेले, गुडघे छातीशी, हात बाहेरून घट्ट, पाठ किंचित मागे. हनुवटी आत आहे, ती मी न सांगता आहे. आणि बोळकं तोंड उघडून ते हसताहेत. दुकानात बसून आयुष्यभर हसू नका म्हणत आलो, आता या फोटोला मी काय म्हणू? आकड्यांचा हिशोब मागाहून माझ्या ध्यानात आला. बाबा एकला, दातवाले दोनला. मधे बरोबर एका उडीचं अंतर. दोघं आपापल्या खोडीवर अडून राहिले म्हणून फोटो आला, मी नियमाने तीनला होतो तो फुकट गेलो. (घसरण्याच्या दृष्टीने 'एक'ला पाय घसरला एवढंच मी कबूल करतो.) हा फोटो मी प्रदर्शनाला पाठवणार, कोणी काही म्हणो. खाली नाव द्यावं लागतं, ते 'पाय घसरला' असं दिलंय, म्हणजे तोच खुलासा दोन ठिकाणी लेखी राहील.

असो. पत्र लांबलं. रविवारी येतेस तेव्हा उतरवून घ्यायला मी येतो, लंगडत का होईना. तुझ्या अंथरुणासाठी उशी वेगळी ठेवलीय, ती ओली नाही. भाऊजींना सांभाळून बाग करायला सांग.

तुझा ठाम,
धाकटा

ता. क. दातवाल्यांचा पुन्हा फोन आला तर फक्त एवढं विचार, की छत सुकलं का. पुढचं संभाषण आपोआप आखूड होईल.

आणखी ता. क. हे मला वरच कुठेतरी लिहायचं होतं, पण जागा सापडली नाही. ताई, त्यांना नेऊ नकोस गं. तुझ्याकडे खोली चांगली आहे, जाळी आहे, दांडा आहे, सगळं आहे, माझ्यापेक्षा तू त्यांना नीट सांभाळशील यातही शंका नाही. पण तिथे तलाव नाही, आणि रस्त्यात पाठ भिंतीला लावून नमस्कार करणारं कोणी नाही. तू म्हणशील ती अट मान्य. मी रोज सोबत जाईन, काठावर उभा राहीन, दिवे लावून. फोटो काढणार नाही. (शक्यतो.)

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला बाबांकडे दिलं होतं. ते पेन मागताहेत. खालचं अक्षर त्यांचं आहे, मजकुराला मी जबाबदार नाही.

चि. मोठीस अनेक आशीर्वाद. पाकीट देताना पत्र वाचू नका असं कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून वाचलं. माझा पाय घसरलेला नाही. त्या काठावर माझा पाय आजवर घसरला नाही आणि याने असं लिहून माझी बेअब्रू करू नये. फोटोखालचं नावही बदलायला सांग, तुझं ऐकेल. उडी मी मारली. तुला विचारून मारली असती तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मला मारता आली नसती, एवढंच. गावातल्या सगळ्या पोरांना मी एकला ढकललं. तुला ढकलायला हात उचलला नाही. तू काठाशी बोटं रोवून उभी राहायचीस, मी तीनपर्यंत म्हणायचो, तू नाही म्हणून मान हलवायचीस, आणि आपण दोघं घरी यायचो. रोज. तुला पोहता आलं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रविवारी जरूर ये. खोली केलीस हे ऐकून बरं वाटलं. फक्त मला एकला ढकलू नकोस, बाळ. काठावर माझ्या शेजारी उभी राहा आणि तीनपर्यंत म्हण. मी नाही म्हणून मान हलवली, तर आपण घरी येऊ.